बर्फात बसून परळला गेलेलं रक्त

मित्रांनो, निळ्या पत्र्यावर जागोजागी गंज चढलेला, कडी एका बाजूने निसटणारी, झाकण फिरवलं की कुरकुरणारा असा मी एक जुना थर्मास आहे. चहाचा नव्हे हं! चहाचे थर्मास उंच आणि बारीक मानेचे असतात. मी बुटका आणि रुंद तोंडाचा. आमच्या जातीला लोक बर्फाचा थर्मास म्हणतात. आज माझा मुक्काम घाटकोपरच्या एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या डोक्यावर आहे. इथे धूळ भरपूर आणि काम काहीच नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला माझी गोष्ट सांगावी. खरं तर ती जितकी माझी, त्याहून जास्त गुणाजी घाडी आणि त्यांची बायको सुगंधाताई यांची आहे.

माझा जन्म ठाण्याच्या बाजूला एका काचेच्या कारखान्यात झाला. कारागिराने फुंकर घालून काचेचे दोन घट केले, एकात एक बसवले आणि ओठाशी जोडले. आतून चांदीचा मुलामा दिला. मग दोन भिंतींच्या मधली सगळी हवा ओढून घेतली. म्हणजे माझ्या भिंतींच्या मधे काय आहे म्हणाल, तर काहीच नाही. पण त्या ‘काहीच नाही’चीच सारी करामत! त्याच्यामुळे बाहेरचं ऊन आत शिरत नाही आणि आतला गारवा बाहेर पळत नाही.

मला विकत आणलं अण्णा लेले यांनी. त्यांच्या सुनेने, डॉक्टर वसुधा लेले यांनी, घाटकोपरला स्वतःची प्रयोगशाळा काढली होती. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना हापूसचं आइसक्रीम द्यायचं, म्हणून अण्णा मला हौसेने घेऊन आले. त्या दिवशी माझी केवढी वाहवा झाली! “अण्णा, थर्मास झकास आहे हो,” असं जो तो म्हणत होता. पण त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचा फ्रिज बिघडला. वसुधाताईंनी इकडे तिकडे पाहिलं, मला खाली काढलं, बर्फ भरला आणि त्यात रक्ताच्या नळ्या उभ्या केल्या.

अण्णा दारातच थबकले. “अगं, त्यातून आइसक्रीम खाल्लंय आपण!”

“आता नाही खायचं,” वसुधाताई शांतपणे म्हणाल्या.

अशी माझी नोकरी बदलली. सुरुवातीला मलाही जरा कसंतरी वाटलं. आंब्याचा वास तो आंब्याचा वास. पण लवकरच मला कळलं, की आइसक्रीम वितळलं तर फक्त पाहुणे हळहळतात. रक्त गरम झालं तर एखाद्या माणसाचं दुखणं तसंच राहून जातं.

ते मला शिकवलं गुणाजींनी.

गुणाजी मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणणाऱ्या मागावर होते आणि गिरणीच्या कबड्डी संघात चढाईला. संप झाला, गिरणी बंद पडली, तेव्हा कांजूरमार्गच्या एका गोदामात त्यांनी राखणदाराची नोकरी धरली. पण कबड्डी काही सुटली नाही. रविवारी भांडुप, विक्रोळी, चेंबूर, जिथे सामने असतील तिथे गुणाजी पंच म्हणून उभे. त्यांची शिट्टी वाजली की मैदान गप्प होई, कारण गुणाजी नात्यागोत्याला विकले जात नसत. सख्ख्या भाच्यालाही त्यांनी एकदा भर मैदानात बाद दिलं होतं.

असा हा गडी प्रयोगशाळेत आला तेव्हा भिंत धरून चालत होता. मागून सुगंधाताई, हातात कापडी पिशवी.

“बसा गुणाजीभाऊ,” वसुधाताई म्हणाल्या.

“बसतो बाई, पण उठायला तुमची मदत लागंल,” गुणाजी हसत म्हणाले. “खाली बसलो की पाय आपले राहत नाय. आणि खाज तर अशी, की म्हैस जशी खांबाला पाठ घासते ना, तसा मी आमच्या चाळीतल्या जिन्याला घासतो.”

त्यांना मूत्रपिंडांचा जुना आजार होता. तो दोन वर्षांपूर्वीच कळला होता. पण ही हाडं का दुखतात, ते कुणी नीट सांगत नव्हतं. कुणी म्हणे वात आहे, कुणी म्हणे कबड्डीची जुनी मारझोड. शेजारचा एकजण दुखण्याच्या गोळ्या आणून द्यायचा आणि गुणाजी त्या चण्यासारख्या खायचे.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मूत्रपिंडाचे डॉक्टर नंदकुमार नाबर शनिवारी रोगी तपासत. त्यांनीच गुणाजींना खाली पाठवलं होतं. रक्ताचे आकडे आले तसे ते स्वतः जिना उतरून आले.

“पहिली गोष्ट,” डॉक्टर नाबर म्हणाले, “त्या दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद. त्या तुमच्या मूत्रपिंडांना मारतायत. दुसरी गोष्ट. रक्तात कॅल्शियम कमी आहे, फॉस्फरस वाढलाय. मला वेगळाच संशय येतोय. पॅराथॉर्मोन तपासायला हवं.”

“काय पराठा?” गुणाजींनी विचारलं.

वसुधाताईंना हसू आवरेना. “पराठा नव्हे हो! तुमच्या गळ्यात, आवाजाच्या पेटीच्या बाजूला, मसुराएवढ्या चार ग्रंथी आहेत. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की त्या एक रस सोडतात. तो रस हाडांना सांगतो, तुमच्यातलं थोडं द्या. तेच पॅराथॉर्मोन. तब्येत ठीक असली की हे अधूनमधून, जरुरीपुरतं होतं. पण मूत्रपिंडं थकली की रक्तातलं कॅल्शियम सारखं कमीच राहतं. मग त्या ग्रंथी दिवसरात्र ओरडत सुटतात आणि हाडं बिचारी खरवडली जातात.”

गुणाजींनी आपल्या गळ्याला हात लावून पाहिला. “म्हणजे माझ्या संघातले चार गडी माझ्याच हाडांवर चढाई करतायत?”

“अगदी बरोबर,” डॉक्टर नाबर म्हणाले. “आणि आपल्याला त्यांना बाद करायचं नाहीये. गप्प बसवायचंय. पण आधी ते खरंच किती ओरडतायत, ते मोजायला पाहिजे.”

मोजणं मात्र सोपं नव्हतं. त्या वर्षांत ही तपासणी फार थोड्या ठिकाणी होत असे. परळकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत ती महिन्यातून एकदाच लावत. आणि हा रस इतका नाजूक, की उष्णता लागली की विरून जातो. रक्त काढलं की लगेच यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं आणि बर्फात घालून थेट परळला पोहोचवायचं.

“मी नेते,” सुगंधाताई पटकन म्हणाल्या. “ह्यांना चालवत नाय, आणि मला परळ तोंडपाठ आहे. लग्नानंतरची पहिली सात वर्षं तिथंच काढली.”

असा मी पहिल्यांदा सुगंधाताईंच्या हाती आलो.

दिवस मे महिन्याचे. बस घाटकोपरहून निघाली आणि शीवच्या अलीकडे अडकून बसली. रस्त्याचं काम चाललं होतं. खिडकीतून वारा नाही, वरून पत्रा तापलेला. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक म्हातारी मान टाकून कलंडली. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. बायका ओरडल्या, “पाणी द्या, पाणी!” पाणी कुणाकडेच नव्हतं.

सुगंधाताईंनी मांडीवरच्या माझ्याकडे पाहिलं. मग म्हातारीकडे पाहिलं. आणि माझं झाकण उघडलं.

मित्रांनो, मी वर्षानुवर्षं बर्फ सांभाळला, पण बर्फाचं असं काम कधी पाहिलं नव्हतं. सुगंधाताईंनी मूठभर खडे पदरात बांधून म्हातारीच्या मानेवर धरले, कपाळावर फिरवले. झाकण लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा काढले. हळूहळू म्हातारीने डोळे उघडले आणि म्हणाली, “कोणाची गं तू बाय?”

“तुमचीच,” सुगंधाताई म्हणाल्या.

आणि इकडे माझ्या पोटात पाणी झालं होतं. मी माझी सगळी ताकद लावली, पण उघडं तोंड आणि मे महिना! परळला पोहोचलो तेव्हा नळी कोमट होती. तिथल्या माणसाने ती बोटांत धरली, मान हलवली आणि परत माझ्यात ठेवली.

“बाई, हे चालणार नाही. आता पुढच्या महिन्यात.”

“पुढच्या महिन्यात?” सुगंधाताई म्हणाल्या. “अवो, ते तोपर्यंत रोज कण्हणार.”

तो माणूस वाईट नव्हता. त्याने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. पण गरम झालेलं रक्त थंड करून त्यातला रस काही परत येत नाही.

परतीच्या वाटेवर सुगंधाताई मला छातीशी धरून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यातलं पाणी माझ्या झाकणावर पडत होतं आणि मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की काय सांगू!

प्रयोगशाळेत गुणाजी वाट पाहत बसले होते. सुगंधाताईंनी सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. गुणाजी बायकोकडे टक लावून पाहत होते.

“म्हणजे माझा रक्त ठेवून तू बर्फ वाटलंस?” ते घरच्या बोलीत म्हणाले.

“होय,” सुगंधाताई खाली मान घालून म्हणाल्या.

“म्हातारी उठली?”

“उठली.”

“मग बरा केलंस गो!” गुणाजी मोठ्याने हसले. “माका महिनाभर कण्हूक येता. तिका थंय महिनाभर टायम नव्हतो.”

वसुधाताई म्हणाल्या, “चूक माझीही आहे, सुगंधाताई. झाकण उघडायचं नाही, एवढं सांगितलं. का उघडायचं नाही, ते सांगितलंच नाही. पुढच्या वेळी दोन थैल्या नेऊ. एक रक्ताची आणि एक म्हातारीची.”

तो महिना गुणाजींनी कसा काढला, ते त्यांनाच ठाऊक. पण पुढच्या खेपेला वसुधाताईंनी जय्यत तयारी केली. कुल्फीवाले करतात तसं त्यांनी बर्फात जाडं मीठ मिसळलं. मिठाने बर्फाचा गारठा असा वाढतो, की हात लावला तर बोट बधिर होतं. कापसाचा जाड थर माझ्या तोंडाशी बसवला. वेगळ्या पिशवीत पाण्याची बाटली.

बसमध्ये कंडक्टरने विचारलंच, “काय मावशी, आइसक्रीम काय?”

“होय,” सुगंधाताई म्हणाल्या, “पण खारट आहे. देऊ?”

कंडक्टर हसत पुढे गेला. आणि परळच्या त्या माणसाने नळी बाहेर काढली तेव्हा ती दगडासारखी घट्ट झाली होती. “व्वा!” तो म्हणाला. “आता कसं!” माझी चांदी आतून आणखीनच चमकली असावी असं मला वाटलं.

निकाल आला. गुणाजींच्या गळ्यातले ते चार गडी नुसते ओरडत नव्हते, बोंबलत होते. आकडा जेवढा असावा त्याच्या कितीतरी पट. संशय खरा ठरला. डॉक्टर नाबरांनी ड जीवनसत्त्वाची खास गोळी सुरू केली, जेवणाबरोबर घ्यायला कॅल्शियम दिलं आणि मग एक फर्मान काढलं: सुकी मासळी बंद!

मालवणी माणसाला सुकी मासळी बंद! फॉस्फरस म्हणे तिच्यात ठासून भरलेला असतो. गुणाजींचा चेहरा असा पडला, जणू जन्मठेपच ऐकली.

त्या दिवसांत मी त्यांच्याच घरी राहायला होतो. कांजूरमार्गला त्यांच्या चाळीच्या मागेच मासळीवाल्यांसाठी बर्फाचा कारखाना होता. वसुधाताई म्हणाल्या होत्या, “थर्मास तुमच्याकडेच राहू दे. तपासणीला याल तेव्हा बर्फ भरूनच आणा.” मी तिथे फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी बसत असे. एवढा मान मला पूर्वी कधी मिळाला नाही, नंतरही नाही.

तिथून मी रोज एक सामना पाहायचो. शेजारच्या खोलीत सुका बांगडा भाजला, की वास सरळ आत यायचा आणि गुणाजी चुळबुळ करू लागायचे.

“गो, येक तुकडो. एवढोसो. नखाएवढो.”

“डाक्टर काय बोलले, इसारलात?”

“डाक्टर खंयचो?”

“ते बी मालवणचेच.”

“मग तो गुपचूप खात असतलो!”

सुगंधाताई हसायच्या, पण तुकडा द्यायच्या नाहीत. एक गोष्ट मात्र त्यांनी केली, ती फार कमी लोक करतील. सुकी मासळी त्यांनाही जिवापाड आवडे, पण त्यांनी स्वतःच्याही ताटातून ती काढून टाकली. गुणाजींच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी मागणं बंद केलं.

पावसाळा सरता सरता गुणाजी आधाराशिवाय उठू लागले. खाज कमी झाली, जिन्याला विश्रांती मिळाली. मी पुन्हा एकदा खारा बर्फ पोटात घेऊन परळला जाऊन आलो आणि आकडा खाली उतरलेला निघाला. गुणाजींनी चाळीत जाहीर केलं, “पराठा उतरला!” पुढच्या रविवारी ते भांडुपच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभे होते.

इथे गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं. पण माणसाचं शरीर म्हणजे काही थर्मास नव्हे, एक झाकण घट्ट केलं की झालं, असं त्याचं नसतं.

दिवाळीनंतर गुणाजींचं जेवण कमी झालं. ताटात हात फिरवायचे आणि उठायचे. चेहरा पांढरा पडला. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना धाप लागायची. एका सामन्यात त्यांना मध्येच बसावं लागलं, आणि त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी शिट्टी खुंटीला अडकवून दिली.

प्रयोगशाळेत रक्त तपासलं. हिमोग्लोबिन घसरलं होतं. डॉक्टर नाबरांनी जुने कागद काढून आकडे ताडून पाहिले.

“मूत्रपिंडांचा आकडा थोडाच वाढलाय,” ते म्हणाले. “पण भूक जातेय, रक्त कमी होतंय. असंच चाललं तर यंत्रावर रक्त धुवायला सुरुवात करावी लागेल. तयारी ठेवा.”

तेव्हा ती यंत्रं शहरात मोजक्याच ठिकाणी होती आणि त्यांच्यापुढे रांगा असत. त्या संध्याकाळी घरी गुणाजी माझ्या फळीखाली बसले होते. सुगंधाताई तांदूळ निवडत होत्या.

“आपण गावाक जावया,” गुणाजी एकदम म्हणाले.

“कित्याक?”

“माका आता ह्या झेपणा नाय. तुका तरी किती पळवू? घराकडे आंब्याखाली खाट टाकूया. जितके दिस असतीत तितके.”

सुगंधाताईंच्या हातातलं सूप थांबलं. त्या रडल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “डॉक्टरीणबाईंका विचारल्याशिवाय मी खंय येऊचंय नाय.”

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन, गुणाजींना पुढे घालून, प्रयोगशाळेत हजर झाल्या. “बाई, नीट बघा,” त्या म्हणाल्या. “काहीतरी राहिलंय असं मला वाटतं. हे महिनाभरात एवढे कसे उतरले?”

वसुधाताईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी आणखी दोन तपासण्या केल्या. एका बारीक उभ्या नळीत रक्त ठेवलं. त्यातल्या लाल पेशी नेहमीपेक्षा फार भराभर खाली बसल्या. मग एका काळ्या काचेवर गुणाजींच्या रक्तातल्या पाण्याचा थेंब घेतला, त्यात दुधासारखं एक औषध मिसळलं आणि काच हलकेच डोलवू लागल्या. बघता बघता ते दूध फाटल्यासारखं झालं. दाणेच दाणे!

“हे काय गं बाई?” सुगंधाताईंनी विचारलं.

“याला सीआरपी म्हणतात,” वसुधाताई म्हणाल्या. “शरीरात कुठे दाह असला, कुठे जंतूंची मारामारी चालली असली, की यकृत हे रक्तात सोडतं. ही नुसती धोक्याची घंटा. आग लागलीय एवढं सांगते, कुठे ते नाही सांगत. पण मला वाटतं, भूक आणि रक्त मूत्रपिंडांनी नाही पळवलं. निदान एकट्या मूत्रपिंडांनी नाही.”

शोध सुरू झाला. छातीचा फोटो काढला, साफ. लघवीत जंतू नाहीत. पायाला जखम नाही. ताप नाही. डॉक्टर नाबरांनी पोट दाबून पाहिलं, पाठ ठोकून पाहिली. काही सापडेना.

पुन्हा रक्त घ्यायला वसुधाताई गुणाजींच्या जवळ वाकल्या आणि थांबल्या.

“गुणाजीभाऊ, तुम्ही लवंग चघळता?”

“हां, तोंडाला चव नसते ना. म्हणून.”

“मागच्या वेळीही वास आला होता. त्याच्याही मागच्या वेळी.”

सुगंधाताई ताडकन उठल्या. “तरीच! मी म्हणते डब्यातल्या लवंगा जातात खंय! मला वाटलं, मुंग्या लागल्या.”

“मुंग्या लवंगा नाय खात गो,” गुणाजी पुटपुटले.

“तुम्ही खाताव ना!”

“तोंड उघडा,” वसुधाताई म्हणाल्या.

मित्रांनो, ज्या माणसाने कबड्डीत खांद्याचं हाड मोडलं तरी हूं की चूं केलं नव्हतं, त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं! शेवटी सगळं बाहेर आलं. मागची दाढ कित्येक महिन्यांपासून सडली होती. हिरडी सुजून आतून पू धरत होती. पण गुणाजींना दाताच्या डॉक्टरची जबर धास्ती. लहानपणी गिरणगावात फुटपाथवर बसणाऱ्या एका दातवाल्याने त्यांचा दात पकडीने ओढला होता, तोही चुकीचा. तेव्हापासून त्यांनी शपथ घेतली होती.

“दात दुखता तर सांगलात कित्याक नाय?” सुगंधाताई विचारत होत्या. “गावाक मराक जाऊचा होता, पण दात दाखवूचो नव्हतो?”

गुणाजींनी खिशातल्या उरलेल्या लवंगा काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. डॉक्टर नाबर वरून आले आणि सगळं ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. “अहो, मी छातीपासून पायापर्यंत सगळं पाहिलं. तोंडात पाहायचं माझंही राहिलं.”

दाढ काढायला मी गेलो होतो. म्हणजे मला न्यावंच लागलं, गालावर धरायला बर्फ नको का? दाताच्या डॉक्टर प्रेमा कुडतरकर चणीने इतक्या लहान होत्या, की खुर्चीत बसलेल्या गुणाजींशी बोलायला त्यांना मान वर करावी लागे. डॉक्टर नाबरांनी त्यांना औषधाचं प्रमाण आणि रक्त थांबवायची काळजी, सगळं समजावून सांगितलं होतं.

प्रेमाताईंनी सुई हातात घेतली आणि गुणाजी डोळे मिटून हळूच म्हणू लागले, “कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कबड्डी...”

“काका, तोंड उघडं ठेवायचंय,” प्रेमाताई म्हणाल्या. “दम मनातल्या मनात धरा.”

त्यांनी दम मनातल्या मनात धरला. सुगंधाताईंनी त्यांचा हात धरला. आणि थोड्याच वेळात ती दाढ ताटलीत वाजली. “झालं?” गुणाजींनी एक डोळा उघडला. “एवढंच?” मग गाल सुजलेला असतानाही ते हसले, आणि मी मनसोक्त बर्फ दिला. त्या दिवशी माझं तोंड कितीही वेळा उघडलं तरी कुणाची हरकत नव्हती.

काही आठवड्यांनी वसुधाताईंनी पुन्हा ती काळी काच काढली. थेंब टाकला, दुधाळ औषध मिसळलं, डोलवलं. सगळे वाकून पाहत होते. दूध दूधच राहिलं. एक दाणा नाही.

“घंटा थांबली,” वसुधाताई म्हणाल्या.

भूक त्याआधीच परतली होती. रक्तही हळूहळू भरून आलं. मूत्रपिंडं काही नवी झाली नाहीत, हे मी तुम्हाला खरं सांगतो. तो आजार जाणारा नव्हता, गोळ्या आणि पथ्य कायमचं होतं. पण यंत्राची वेळ पुढे गेली, खूप पुढे गेली. आज एकोणनव्वद साल चालू आहे आणि गुणाजी अजून रविवारचे मैदानावर असतात. आता ते बसून पंचगिरी करतात, एवढाच फरक.

पुढे प्रयोगशाळेत मोठा फ्रीझर आला, नमुने न्यायला पांढऱ्या थर्माकोलच्या पेट्या आल्या. मी कपाटावर गेलो. एकदा कुणीतरी मला आपटलं तेव्हा आतल्या काचेला बारीक तडा गेला. तेव्हापासून बर्फ माझ्यात फार वेळ टिकत नाही. वाईट वाटतं, पण तक्रार नाही.

आणि गेल्याच महिन्यात मी वरून एक गोष्ट पाहिली. ती सांगतो आणि थांबतो.

गुणाजी नेहमीप्रमाणे तपासणीला आले होते. रक्त देऊन झालं. सुगंधाताई पिशवी सावरत निघाल्या, तेवढ्यात वसुधाताईंनी हाक मारली.

“सुगंधाताई, इतकी वर्षं येता. तुमचं रक्त कधी तपासलंय?”

“माझं? माझं कशाला? मला कुठं काय झालंय?”

“जिना चढताना तुम्हीही थांबता हल्ली. मी पाहिलंय.”

“वय झालं आता.”

सुगंधाताई दाराकडे वळल्या. पण दारात गुणाजी उभे होते, हात पसरून, मैदानावर गडी अडवतात तसे.

“खंय चललंय?” ते म्हणाले. “रेषा ओलांडूची नाय. बस थंय.”

“अवो, लोक बघतायत!”

“बघू देत. माझा रक्त तू बर्फातून नेलंस, तुझा रक्त कोणी बघूचा?” त्यांनी त्यांच्या हातातली पिशवी काढून आपल्या खांद्याला अडकवली. “बाई, घ्या हिचं.”

सुगंधाताई खुर्चीवर बसल्या. सुई पाहताच त्यांनी डोळे गच्च मिटले. गुणाजी वाकून त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटले आणि त्या एकदम हसू लागल्या. काय म्हणाले ते मला वरून ऐकू आलं नाही. रक्त कधी निघालं, ते त्यांना कळलंही नाही. त्यांचं हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. दुसरं काही नाही. गोळ्यांनी भरून येणारं होतं, फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. तडा गेलेली काच जपून काय करायची? पण तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर त्याचं औषधपाणी बघताना आणखी एका माणसाकडे नजर टाका. जो त्याची पिशवी उचलतो, त्याच्यासाठी रांगेत उभा राहतो, त्याच्यामुळे स्वतःच्या ताटातला आवडीचा घास सोडतो आणि मला काही झालं नाही म्हणतो, त्याच्याकडे. त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवा आणि त्याची पिशवी थोडा वेळ तुमच्या खांद्याला घ्या.